बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गाडीला कुठल्या ग्रेडचं ऑइल घालायचं, ते असं ठरवा

ऑइलच्या दुकानात गेलं की काउंटरवरनं पहिला प्रश्न येतो, "जाड देऊ का पातळ?" आणि आपल्याकडं बहुतेक जण "जाडच दे की" म्हणून मोकळे होतात, कारण घरात कधीतरी बुलेट होती, नाहीतर जीप, नाहीतर ट्रॅक्टर, आणि त्यात २०डब्ल्यू-४० नाहीतर २०डब्ल्यू-५० ओतताना लहानपणापासून बघितलेलं असतंय. मग नवी कार येते, ऑइलच्या झाकणावर ०डब्ल्यू-२० दिसतं आणि पोटात गोळा येतो, एवढं पातळ ऑइल चोर्ला घाटात टिकणार कसं? टिकतं, काळजी नको. ग्रेड ठरवायचं निम्मं काम कंपनीनं आधीच केलेलं असतंय, उरलेलं निम्मं गाडी कुठं आणि कशी फिरते त्यावर, आणि हवेचा नंबर आपल्या भागात सगळ्यात शेवटी लागतो.

१. आधी कंपनीनं काय लिहिलंय ते शोधा

बॉनेट उघडा, ऑइल ओतायच्या झाकणावर बघा, बऱ्याच कारमध्ये तिथंच ग्रेड छापलेली असते. नसेल तर मॅन्युअल. मॅन्युअल हरवलं असेल (हरवलेलंच असतंय) तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते, फक्त मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल का डिझेल हे नीट बघून डाउनलोड करा, कारण नाव तेच असलं तरी १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाडीचं ऑइल त्याच नावाच्या जुन्या गाडीपेक्षा वेगळं असू शकतं. शेजाऱ्याची पण स्विफ्टच आहे आणि तो अमुक घालतो, हा काही पुरावा नव्हे.

अंदाज यावा म्हणून सांगतो, स्प्लेंडर आणि ॲक्टिवा १०डब्ल्यू-३० वर चालतात, क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५० लागतं, मारुतीच्या बऱ्याच नव्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२०. एकाच गल्लीतल्या गाड्या, हवा सगळ्यांना एकच, तरी ग्रेड किती वेगवेगळी बघा. मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता असतो आणि एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेल्या असतात, त्या पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, पुढं लागणार आहे.

२. आकडे वाचायचे कसे

५डब्ल्यू-३० घ्या. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा गार इंजिन सुरू होताना ऑइल किती सहज हलतं ते सांगतो. ह्याची टेस्ट आपल्याला स्वप्नातसुद्धा दिसणार नाही अशा थंडीत होते, २०डब्ल्यू ची उणे १५ डिग्रीला, १५डब्ल्यू ची उणे २० ला, ५डब्ल्यू ची उणे ३० ला आणि ०डब्ल्यू ची उणे ३५ ला. आता बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर, कानटोपी सगळं लागतं हे खरं, पण पारा शून्याच्या आसपाससुद्धा जात नाही, म्हणजे थंडीनं गाडी सुरूच झाली नाही असं २०डब्ल्यूनंसुद्धा इथं होणार नाही. तरीही पहिला आकडा लहान असला तर फायदा असतोच, कारण सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑइल चेंबरमधनं वर कॅमपर्यंत लवकर पोचतं आणि इंजिनची बरीचशी झीज त्याच वेळी होत असते.

दुसरा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहतं ते. १०० डिग्रीला मोजतात, सेंटिस्टोक ह्या दाटपणाच्या मापात. २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३ च्या मधे, ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९.

इथं एक गैरसमज लई पसरलाय की ५डब्ल्यू-३० गार असताना पातळ असतं आणि तापलं की दाट होतं. असं कुठलंच ऑइल करत नाही. हिवाळ्यात काकवी बरणीतनं पडता पडत नाही आणि चुलीवर ठेवली की सळसळते, तसंच प्रत्येक ऑइल गार असताना दाट आणि तापल्यावर पातळ. फरक एवढाच की चांगलं मल्टिग्रेड (म्हणजे असे दोन आकडे असलेलं) ऑइल थंडीत कमी घट्ट होतं आणि उष्णतेत कमी पातळ होतं.

३. आता आपली हवा आणि आपले रस्ते

बेळगाव शहर उंचावर, उन्हाळ्यात पस्तीस-छत्तीसला लोक हैराण. तिकडं अथणी, चिकोडी, रायबागला एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसकडं जातो. म्हणून अथणीवाल्यानं कारमध्ये जाड ऑइल घालावं का? गरज नाही. कारच्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो, तो कूलंट नव्वदच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर ३४ असू दे का ४० असू दे, आतल्या ऑइलला त्यानं फारसा फरक पडत नाही. ग्रेड ठरवताना बाहेरच्या उन्हापेक्षा लोड जास्त बघावा लागतो.

लोड म्हणजे काय, तर पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि जांबोटी-कणकुंबीवरनं गोव्याला जाऊन परत घाट चढायचा, हे महिन्यातनं चारदा. किंवा टॅक्सीवाला, जो हायवेवर तवंदी आणि वंटमुरी चढत दिवसभर हुबळी-कोल्हापूर करतोय. अशांच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० बरोबर ५डब्ल्यू-३० लाही परवानगी असेल तर ५डब्ल्यू-३० घ्यावं, असं माझं मत. ज्यांची गाडी टिळकवाडी ते मार्केट आणि रविवारी राजहंसगड एवढीच फिरते त्यांनी ०डब्ल्यू-२० च ठेवावं, ॲव्हरेज चांगलं मिळतं. पण मॅन्युअलमध्ये नसलेल्या ग्रेडवर उडी मारू नका, आजकालच्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवर चालते, त्याच्या वाटा बारीक असतात, त्यात २०डब्ल्यू-५० ढकललं तर पिकअप मरतो आणि चेक इंजिनचा दिवासुद्धा लागू शकतो.

जुनी गाडी, लाखभर किलोमीटर झालेत, दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल कमी होतंय? तर तक्त्यात दिलेली एक ग्रेड वर जाऊन बघायला हरकत नाही. पण सायलेन्सरमधनं निळा धूर येत असेल तर तो रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा विषय आहे. "गाडी लई आवाज करायलीय, जाड घाल" म्हणून आवाज दाबता येतो, इंजिन बरं होत नाही.

उसाच्या सीझनमध्ये दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला सहसा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० सांगितलेलं असतं. तिथं ग्रेडइतकंच डिझेलचं स्टँडर्ड बघा, सीएच-४ किंवा सीआय-४ जे लिहिलंय ते किंवा त्याच्या वरचं, आणि बदलायचं ते तासांवर, कारण कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की किलोमीटर होत नाहीत पण तास होतात.

४. टू-व्हीलरवाल्यांनी हे नक्की वाचा

एअर-कूल्ड बाइकला थर्मोस्टॅट नसतो, त्यामुळं कारपेक्षा बाइकच्या ऑइलवर उन्हाचा आणि ट्रॅफिकचा परिणाम जास्त. तरी ग्रेड मॅन्युअलचीच, फक्त उन्हाळ्यात लेव्हल जरा वरचेवर बघायची.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जासो, टू-व्हीलरच्या ऑइलचं जपानी स्टँडर्ड. गिअरच्या बाइकमध्ये क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ पाहिजेच. कारचं उरलेलं ०डब्ल्यू-२० नाहीतर ५डब्ल्यू-३० "वाया कशाला घालवायचं" म्हणून बाइकमध्ये ओतलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या ॲडिटिव्हमुळं क्लच स्लिप व्हायला लागतो, रेस वाढते पण गाडी जागची हलत नाही. स्कूटरला ओला क्लच नसतो, तिला एमबी. म्हणजे ॲक्टिवाचं १०डब्ल्यू-३० आणि स्प्लेंडरचं १०डब्ल्यू-३०, आकडे सेम, तरी डबे वेगळे. दुकानदार "एकच आहे हो" म्हणाला तरी मागचं लेबल वाचा.

५. डबा घेताना

पेट्रोल कारला एपीआय ह्या अमेरिकन स्टँडर्डचं एसएन किंवा २०२० साली आलेलं एसपी, नवं स्टँडर्ड जुन्या पेट्रोल गाडीला सहसा चालतं. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये एसीईए (युरोपचं स्टँडर्ड) सी२, सी३ असं काही लिहिलं असेल तर तेच घ्या, नुसती ५डब्ल्यू-३० ग्रेड जुळली म्हणून घेतलं तर फिल्टर लवकर चोक होतो, आणि तो फिल्टर स्वस्त नसतो. बॅरलमधलं सुट्टं ऑइल नको. सील बघा, बिल घ्या, आणि गॅरेजमध्ये डबा आपल्यासमोर फोडायला सांगा, मिस्त्री रागावत नाही.

६. ओतल्यावर आणि नंतर

इंजिन थोडं गरम असताना जुनं ऑइल सोडा, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर बदला. नवं एकदम सगळं ओतू नका, थोडं कमी ओता, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, सपाट जागेवर डिपस्टिक पुसून परत घाला आणि बघा. दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेजवळ असलं की झालं. स्प्लेंडरसारख्या बाइकमध्ये डिपस्टिक झाकणालाच असते, ती बघताना आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. बुलेटला काचेची खिडकी आहे, गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी करून बघा.

खानापूर, कणकुंबीकडं पावसाळ्यात झाकणाच्या आतनं दुधाळ साय धरलेली दिसते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर ती बाष्पाची असते, एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवली की उडून जाते. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसलं तर गाडी सुरू करू नका, आत पाणी किंवा कूलंट शिरलंय, टो करून न्या. अशी कमी फिरणारी गाडी असेल तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट बघायची नाही, मॅन्युअलमधले महिने पूर्ण झाले की ऑइल बदलायचं.

जुनं काळं ऑइल त्याच रिकाम्या डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांच्या बॅरलमधनं ते रिसायकलला जातं. वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासायची आपल्याकडं जुनी सवय आहे, पण पावसात ते धुपून विहिरीत नाहीतर नाल्यात उतरतं, तेवढं टाळा.