मालवणच्या घरगुती खानावळीत जेवायला जाताना

मालवणात घराच्या ओटीवर किंवा पडवीत चालवलेल्या खानावळीत जेवायचे असेल, तर सकाळीच फोन करून किती माणसे येणार आणि त्यांपैकी शाकाहारी किती, हे सांगून ठेवावे. कारण तेथे मासळी सकाळच्या बाजारातून अंदाजानेच आणलेली असते आणि उशिरा पोहोचणाऱ्याच्या वाट्याला बऱ्याचदा फक्त बांगडा उरतो. अर्थात ताजा बांगडा शिळ्या सुरमईपेक्षा केव्हाही सरस, त्यामुळे पाटीवर काय लिहिले आहे हे पाहण्यापेक्षा आज काय चांगले आले आहे, हे वाढणाऱ्या काकूंनाच विचारावे. सुरमई आणि पापलेट यांचे दर आवकेप्रमाणे बदलतात, म्हणून ताटाची किंमत आधी विचारण्यात संकोच करू नये. आमटी-भात आणि सोलकढी पुन्हा मिळते का, हेही त्याच वेळी समजून घ्यावे. तळलेली तुकडी मात्र सहसा एकच असते.

दर वर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा खाडीतली मासळी, सुकट किंवा कोंबडी-वडे मागवणे अधिक शहाणपणाचे ठरते. श्रावणात आणि संकष्टीला काही घरांत मासळी शिजतच नाही. दुपारी साडेबारा ते दीड ही वेळ उत्तम. त्यानंतर घरातली माणसे स्वतः जेवायला बसतात.