एम.ए. मानसशास्त्र घेण्याआधी नोंदणीचं बघा

‘लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी करायचंय’ म्हणून मानसशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय. अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा, विषयांची नावं तुम्हाला ठाऊक असतीलच. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, कारण तिच्यापायी माझी उमेदीची वर्षं गेली.

पदवीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ छापलेलं असलं म्हणून तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी आणि उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, होत नाही. ती ओळख मिळते भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदवहीत नाव लागल्यावर. आणि नाव लागतं ते परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम, मान्य केलेल्या संस्थेतून पूर्ण केला तरच. विद्यापीठ यूजीसीमान्य आहे, कॉलेजला नॅकची श्रेणी आहे, हे सगळं खरं असतं आणि तरीही तुमचं नाव नोंदवहीत लागत नाही. माझ्या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी ‘पुढे स्वतःचं क्लिनिक टाकता येईल’ असं सांगितलं होतं. नोंदणीबद्दल चकार शब्द नाही. परिषदेच्या 1992 च्या कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

दंडाचं सोडा. एम.ए.नंतर मी एका खाजगी दवाखान्यात लागले. ‘नोंदणी क्रमांकाचं नंतर बघू’ म्हणाले तिथले लोक. दौंडकडची एक बाई मुलाला घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे सगळे कागद. मी बिने-कामत ही बुद्धिमत्तेची चाचणी मन लावून घेतली, रिपोर्ट लिहिला. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ती तो घेऊन सरकारी रुग्णालयात गेली आणि परत आली, कारण सहीखाली नोंदणी क्रमांक नव्हता. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातल्या अनेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि माझ्या कागदाने तो मिळणार नव्हता. तिच्या मजुरीचे खाडे झाले, पोराची चाचणी पुन्हा झाली. हे मला अजून लागतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी आरसीआयच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे तिन्ही बघा. मान्यता ठरावीक मुदतीची असते. संस्थेचं नाव यादीत दिसलं म्हणून खूश होऊ नका. तिथे विशेष शिक्षणाचा कोर्स मान्य असेल आणि तुमचा नसेल. सीनियरच्या सांगण्यावर तर मुळीच जाऊ नका, कारण नियम बदलताहेत. आमच्या वेळी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. हाच नोंदणीचा राजमार्ग होता. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केलं, क्लिनिकलसाठी यूजीसीने 2025-26 पर्यंतच मुभा दिली. 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने घेणंही बंद झालं.

शनिवार-रविवारचे ‘समुपदेशक व्हा’ कोर्स? माझं मत स्पष्ट आहे: पैसे वाचवा. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसासमोर त्या प्रमाणपत्राचा काडीचा उपयोग नाही.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. नुसतं एम.ए. झालेल्यांनाही शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, संस्था इथे भरपूर आणि खरं काम आहे. फक्त ‘क्लिनिकल’ हा शब्द लावू नका. समाजकार्याची ओढ असेल तर एम.एस.डब्ल्यू. हाही चांगला रस्ता आहे. मराठी माध्यमातून आलात म्हणून कमीपणा मानू नका. केस हिस्ट्री घेताना ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ हे ज्याला लगेच कळतं, त्याच्याशी पेशंट मोकळं बोलतो. इंग्रजी पुस्तकं मला पहिल्या वर्षी फार जड गेली, मग सवय झाली.

पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी ही क्लिनिकल शिकवणाऱ्या मोठ्या संस्थांची नावं तुम्ही ऐकलीच असतील. जागा मोजक्या, एका फटक्यात सगळ्यांचं होत नाही, आणि अपयश आलं म्हणजे तुम्ही नालायक असं नाही. पण नावापेक्षा मार्गदर्शक बघा. परिषदांमध्ये भाषणं देणारे मोठे सर असतील आणि तुमच्या केसला कधी शेजारी बसत नसतील, तर तिथे शिकायला मिळत नाही. मुलाखतीच्या दिवशी लवकर जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ओपीडीबाहेर गाठा आणि विचारा: केस लिहिलेली वही आठवड्यातून किती वेळा तपासतात, आणि कोण तपासतं?