ऑर्लँडोत डिस्नेच्या हॉटेलांभोवती पायी फिरायचं असेल तर

वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत शिरायला तिकीट लागतं. पार्कांच्या आजूबाजूची तळी, कालवे, पूल आणि हॉटेलांच्या बागा मात्र कुणालाही चालत बघता येतात. भारतातून आई-बाबा आले, पार्कचा एक दिवस झाला, गुडघे बोलायला लागले आणि तिकिटाचा आकडा ऐकून दुसऱ्या दिवसाला दोघांनीही नको म्हटलं, की आमच्या घरी हाच कार्यक्रम ठरतो. पार्कपेक्षा ही संध्याकाळ जास्त आवडली असं सांगणारे पाहुणे आमच्याकडे कमी नाहीत.

या फिरण्याबद्दल सर्रास दिला जाणारा सल्ला असा: मोनोरेलमध्ये बसा, प्रत्येक हॉटेलला उतरा, एका दिवसात सगळी उरकून टाका. कृपा करून तसं करू नका. त्यात दिवस जातो रांगा आणि सरकत्या जिन्यांत. लॉब्या बघून होतात, फिरणं होतच नाही.

एकच तळं निवडा

पहिल्यांदा जात असाल तर क्रेसेंट लेक. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांच्या मधलं हे छोटं तळं. त्याच्या एका काठाला बीच क्लब आणि यॉट क्लब ही जोड-हॉटेलं, समोरच्या काठाला बोर्डवॉक आणि टोकाला स्वान आणि डॉल्फिन. यॉट क्लब, बीच क्लब (1990) आणि बोर्डवॉक (1996) ही तिन्ही रॉबर्ट स्टर्न या वास्तुरचनाकाराची. पहिल्या दोघांत न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरची लाकडी घरं डोळ्यांसमोर ठेवलेली आहेत, तर बोर्डवॉकमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अटलांटिक सिटीसारख्या समुद्रकाठच्या करमणुकीच्या गावांची फळ्यांची फरसबंदी. स्वान आणि डॉल्फिन मायकेल ग्रेव्हजची. छतांवर अवाढव्य हंस आणि मासे बसवलेली ती हॉटेलं काहींना भडक वाटतात. मला ती आवडतात, कारण त्यांच्यामुळे तळ्याच्या कुठल्याही काठावरून दिशा कळते.

तळ्याला पूर्ण फेरी घातली तरी एक मैलही होत नाही. वाट सपाट, दिवे भरपूर, बाकं जागोजागी, आणि हॉटेलांच्या लॉब्यांतली स्वच्छतागृहं सगळ्यांना खुली. सत्तरीच्या माणसांना घेऊन जायला याहून सोयीची जागा या सगळ्या परिसरात मला माहीत नाही.

वेळ

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचायचं. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये जवळजवळ साडेआठला. दुपारी जाऊ नका. पाण्याकाठच्या वाटांवर सावली फार थोडी आहे. नोव्हेंबर ते मार्च हे महिने उत्तम.

गाडी कुठे ठेवायची: खरी अडचण इथेच आहे

बहुतेक लोक अडकतात ते इथे. मीही सुरुवातीला इथेच सगळ्यात जास्त हैराण झाले, कारण नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं आणि प्रत्यक्षात गाडी घेऊन आत जाता येत नाही.

डिस्नेच्या प्रत्येक हॉटेलच्या दाराशी सुरक्षारक्षकाची चौकी असते. तो ओळखपत्र मागतो आणि कशासाठी आलात ते विचारतो. हॉटेलची पार्किंगची जागा असते राहणाऱ्यांसाठी आणि तिथल्या उपाहारगृहात आधी टेबल राखून ठेवलेल्यांसाठी. 'नुसतं फिरायला आलोय' असं सांगितलंत तर गर्दी नसलेल्या दिवशी कधी आत सोडतात, कधी नम्रपणे गाडी वळवायला लावतात. क्रेसेंट लेकच्या हॉटेलांवर हा पहारा जास्त कडक आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. एपकॉटचं मागचं प्रवेशद्वार, म्हणजे इंटरनॅशनल गेटवे, तिथून काही मिनिटांवर आहे. पार्कच्या पार्किंगचे पैसे वाचवायला लोक हॉटेलात गाडी लावून मागून पार्कात जायचे, अजूनही बघतात. त्यामुळे तुमच्या चांगल्या हेतूचा तिथे काही उपयोग होत नाही.

यावर तीन उपाय सर्रास सांगितले जातात. त्यातले दोन मला मुळीच मान्य नाहीत.

पहिला: खोटंच सांगा की जेवायला आलोय. हे करू नका. रक्षक यादी बघू शकतो, मागच्या सीटवर आई-बाबा असतात आणि त्यांच्यासमोर खोटं पकडलं गेलं तर सगळी संध्याकाळ नासते. दुसरा: टेबल राखून ठेवा आणि जाऊ नका. हे तर त्याहून वाईट. न जाणाऱ्यांना माणशी दंड लागतो, आणि खरोखर जेवायला आलेल्या एखाद्या कुटुंबाची जागा तुम्ही अडवता. तिथे जेवायचंच असेल तर मात्र टेबल जरूर राखा. 60 दिवस आधीपासून ते करता येतं, आणि मग गाडी सरळ आत जाते. तिसरा सल्ला असतो स्वान-डॉल्फिनला गाडी लावण्याचा. ती हॉटेलं मॅरियट चालवते आणि पार्किंगला पैसे घेते. खर्चाची हरकत नसेल तर हा मार्ग सरळ आहे.

मी वापरते तो चौथा मार्ग. गाडी डिस्ने स्प्रिंग्जला ठेवायची. हा दुकानांचा आणि उपाहारगृहांचा मोठा परिसर आहे. तिथे शिरायला तिकीट नाही, आणि ऑरेंज, लाइम, ग्रेपफ्रूट ही तिन्ही बहुमजली वाहनतळं फुकट आहेत. मजल्याचा आणि रांगेचा फोटो काढून ठेवा. रात्री परतल्यावर सगळे मजले सारखेच दिसतात. तिथून डिस्नेच्या हॉटेलांना बस सुटतात, त्याही फुकट. मात्र आता त्यांत बसताना हॉटेलात राहत असल्याचा किंवा तिथे आधी टेबल राखल्याचा पुरावा मागतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. पण क्रेसेंट लेकच्या बसमध्ये बसू नका, कारण ती तीन-चार हॉटेलांना वळसे घालत जाते. रिव्हिएरा हॉटेलची बस पकडा.

रिव्हिएराच का, तर तिथे स्कायलाइनरचं ठाणं आहे. स्कायलाइनर म्हणजे 2019 साली सुरू झालेला रोपवे. तो कॅरिबियन बीच हॉटेलच्या मध्यवर्ती ठाण्यातून एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि पॉप सेंचुरी-आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन अशा तीन दिशांना जातो. बसायला तिकीट लागत नाही. मुख्य म्हणजे एपकॉटचं ठाणं पार्कच्या दाराच्या बाहेर आहे. खाली उतरलात की समोर दार दिसेल. तिकडे न जाता उलट दिशेला चालू लागा, दोन-तीन मिनिटांत तळं येतं. रिव्हिएरा आणि एपकॉटच्या मध्ये वळणाचं एक ठाणं लागतं, रोपवेचा डबा तिथे हळू होतो. तिथे उतरायचं नाही. नवखी माणसं गडबडून उठतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

डब्यांत वातानुकूलन नाही, झरोके आहेत. चालू असताना वारा छान लागतो, मध्येच थांबला तर उकडतं. उंचीची भीती असणाऱ्यांना जबरदस्तीने बसवू नका. त्यांच्यासाठी डिस्ने स्प्रिंग्जहून थेट बोर्डवॉकची बस घ्या, मग वेळ लागला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे भलेभले गोंधळतात: एका हॉटेलहून दुसऱ्या हॉटेलला थेट बस नसते. कुठल्यातरी पार्कात किंवा डिस्ने स्प्रिंग्जला उतरून दुसरी पकडावी लागते. एका संध्याकाळी दोन तळी करायला निघालेल्यांचा वेळ यातच जातो. नाताळच्या आसपास आणि मोठ्या सुट्ट्यांत तर जाऊच नका असं म्हणेन. त्या दिवसांत सगळीकडे तपासणी कडक होते, हॉटेलात न राहणाऱ्यांना परत पाठवतात आणि बसमध्ये उभं राहायलाही जागा मिळत नाही. नाताळची सजावट बघायची असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला मधला वार धरा.

चालायची दिशा

म्हाताऱ्या माणसांसोबत: एपकॉटच्या दारापासून बीच क्लब, मग यॉट क्लब, तिथून पूल ओलांडून डॉल्फिन आणि स्वानच्या मधून, आणि शेवटी बोर्डवॉक. या क्रमाने गेलात तर अंधार पडता पडता बोर्डवॉकवर पोहोचता आणि दिवे लागलेले मिळतात. बोर्डवॉकच्या फळ्या खऱ्याखुऱ्या आहेत. चार चाकांच्या छत्रीवाल्या पेडलच्या गाड्या जायला लागल्या की फळ्या खडखडतात आणि तो हादरा पायाला कळतो. व्हीलचेअर असेल तर कडेच्या पक्क्या वाटेने न्या. तिथून पूल ओलांडला की पुन्हा एपकॉटचं दार, रोपवे, रिव्हिएरा, बस.

पायांत जोर असेल तर सुरुवात हॉलिवूड स्टुडिओजपासून करा. रिव्हिएराहून आधी कॅरिबियन बीचला जायचं, तिथे ठाण्यातच मार्ग बदलून हॉलिवूड स्टुडिओज. पार्कच्या दाराबाहेरून एक पायवाट कालव्याकाठाने स्वान आणि बोर्डवॉककडे जाते, वीसेक मिनिटांची. मला सगळ्या परिसरात हाच तुकडा सर्वांत जास्त आवडतो, कारण तिथे वर्दळ नसते. कालव्यातून प्रवासी होड्या मंद गतीने जात असतात. वाटेवर बोटाएवढे तपकिरी सरडे पळतात. थोडं थांबून बघितलंत तर नर गळ्याखालची लालभडक झालर फुलवून दाखवतो. गवतात पांढरे शराटी चरत असतात, आपल्याकडच्यासारखीच बाकदार चोच, फक्त रंगाने लालसर. त्यांना खायला घालू नका. माणसाला सोकावलेला पक्षी इथे लहान मुलांच्या हातातलं हिसकावतो. ही वाट उजेड असतानाच चाला, अंधारात यातलं काही दिसत नाही.

रात्री एपकॉटमध्ये आतषबाजी असते. उंच उडणारे बाण पार्कजवळच्या पुलावरून दिसतात. पुलावर कठड्याची जागा धरायला थोडं आधी जा. संपल्यावर लगेच रोपवेकडे धावू नका, पार्कातली सगळी गर्दी त्याच वेळी बाहेर येते. बोर्डवॉकवर आइस्क्रीम खा, अर्धा तास जाऊ द्या. मात्र पार्क बंद झाल्यावर काही वेळाने रोपवेही थांबतो, त्या दिवसाच्या वेळा निघण्याआधी डिस्नेच्या अ‍ॅपवर बघून ठेवा.

हॉटेलांचे पोहण्याचे तलाव आणि त्यांच्या भोवतालच्या खुर्च्या राहणाऱ्यांसाठी आहेत. तिकडे जाऊ नका. तळमजल्याच्या खोल्यांच्या व्हरांड्यांसमोरून जाताना आवाज खाली ठेवा. पाण्याची बाटली संपली तर काउंटरवर सेवा देणाऱ्या खाद्यगृहांत बर्फाचं पाणी मागा, फुकट देतात.

वीज आणि पाणी

या दोन गोष्टींत मी कुणाचं ऐकत नाही. उन्हाळ्यात अटलांटिककडचा आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा समुद्री वारा फ्लोरिडाच्या मध्यावर येऊन भिडतो आणि जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी गडगडाट होतो. एक गडगडाट ऐकू आला की जवळच्या हॉटेलच्या लॉबीत जायचं. 'पाऊस कुठे आहे अजून' म्हणत पुलावर उभं राहायचं नाही, झाडाखाली तर नाहीच. विजा चमकत असताना रोपवे आणि होड्या दोन्ही थांबतात. बहुतेक वेळा तासाभरात निवळतं. नाहीच निवळलं तर क्रेसेंट लेकच्या कुठल्याही हॉटेलच्या दारातून डिस्ने स्प्रिंग्जला बस मिळते.

दुसरं म्हणजे पाण्याच्या कडेला जायचं नाही. फ्लोरिडात कुठल्याही गोड्या पाण्यात अ‍ॅलिगेटर (मगरीसारखा प्राणी) असू शकतो, हॉटेलचं नीटनेटकं तळंही त्याला अपवाद नाही. 2016 साली इथल्याच सेव्हन सीज लगून या तळ्याच्या काठावर अ‍ॅलिगेटरच्या हल्ल्यात एका लहान मुलाचा जीव गेला. त्यानंतर काठांवर कुंपणं आणि पाट्या आल्या. वाळूचा किनारा दिसला तरी मुलांचा हात सोडू नका, अंधार पडल्यावर तर अजिबात नाही.

दुसऱ्या खेपेसाठी

ग्रँड फ्लोरिडियन हॉटेल ते मॅजिक किंगडम पार्क ही पायवाट 2020 साली झाली. सेव्हन सीज लगूनच्या कडेने जाते, सुंदर आहे. पॉलिनेशियनच्या किनाऱ्यावरून पाण्यापलीकडे सिंड्रेलाचा किल्ला दिसतो. पॉलिनेशियन आणि कंटेम्पररी ही 1971 सालची, म्हणजे डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हापासूनची हॉटेलं. दिव्यांच्या चित्रांच्या तराफ्यांची मिरवणूकही त्याच वर्षापासून रात्री या पाण्यावर निघते.

पोर्ट ऑर्लीन्सच्या दोन हॉटेलांमधली नदीकाठची वाट सगळ्यांत शांत. फोर्ट वाइल्डरनेस आणि वाइल्डरनेस लॉज यांच्यामधली वाट झाडीतून जाते. तिथे डास असतात, मलम लावून जा.

अ‍ॅनिमल किंगडम लॉजबद्दल नेहमी विचारलं जातं. जाच, पण तिथे चालण्यासारखं अंतर नाही, आणि नावात अ‍ॅनिमल किंगडम असलं तरी पार्कातून तिथे चालत जाता येत नाही. डिस्ने स्प्रिंग्जहून बसने जायचं, मागच्या अंगणातून कुरणाकडे तोंड करून उभं राहायचं. जिराफ, झेब्रे बघायचे तर उजेड असताना पोहोचा.