गाडी आली का? विमानाचा उशीर ओळखण्याची एसटीवाल्याची रीत

एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून. खिडकीवर दिवसभर एकच प्रश्न यायचा, "साहेब, साडेपाचची कधी सुटणार?" फलकावर काहीही लिहिलेलं असो, खरं उत्तर एकच: गाडी आली की. निवृत्तीनंतर घाटकोपरला राहायला आलो. डोक्यावरून दिवसभर विमानं उतरायला जातात, म्हणून विमानांचा माग ठेवायचा नाद लागला आणि लवकरच कळलं की विमानकंपनी म्हणजे पंख लावलेला डेपोच आहे.

लेक बंगळूरला नोकरीला आहे. तिचं संध्याकाळी ६.४०चं विमान होतं. साडेचारला ती बॅग घेऊन दारात उभी, मोबाइलवर 'वेळेवर' असा निरोप. मी बघितलं तर तिचं विमान कोलकात्याहून नुकतंच उडालं होतं. ते मुंबईत उतरायलाच सात वाजणार! तिला म्हटलं, "चहा घे, धावतपळत जाऊ नकोस. पावणेआठच्या आधी हे सुटत नाही." ७.५०ला सुटलं.

यात जादू नाही. फ्लाइटरडार२४ (उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं संकेतस्थळ) उघडा आणि आपला फ्लाइट क्रमांक टाका. तिथे विमानाचा नोंदणी क्रमांक दिसतो. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाचा 'व्हीटी'ने सुरू होतो, जशी आमची गाडी एमएच. फ्लाइट क्रमांक म्हणजे फेरी आणि व्हीटी म्हणजे गाडी, हा फरक डोक्यात पक्का करा. लोक फेरी बघत बसतात, तुम्ही गाडी बघा. त्या व्हीटीवर बोट ठेवलं की तिच्या दिवसभराच्या फेऱ्या एकाखाली एक येतात. तुमच्या आधीची फेरी कुठून येतेय आणि ती सुटली का, एवढंच शोधायचं.

आता बेरीज. उतरण्याच्या वेळेत दहा-पंधरा मिनिटं धावपट्टीवरून विमान उभं करायच्या जागेपर्यंत यायची धरा. मग प्रवासी उतरणं, साफसफाई, इंधन, सामान, नवे प्रवासी यात एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ची साधारण पस्तीस मिनिटं जातात. एटीआर म्हणजे पंख्यांचं लहान विमान, ते थोडं लवकर आवरतं. कंपनी वीस मिनिटांत सुटू म्हणाली तर मान हलवा, विश्वास ठेवू नका.

पण एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. भाच्याला असाच हिशेब सांगून दीड तास घरी बसवून ठेवलं. तेवढ्यात कंपनीने त्या फेरीला दुसरं विमान लावलं. बदली गाडी! विमान वेळेवर सुटलं आणि भाचा बंद काउंटरसमोर उभा. बहिणीने दोन महिने टोमणे मारले. देशातल्या उड्डाणांची चेक-इन बहुधा ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी बंद होते आणि ती वेळ तिकिटावरचीच धरतात. तेव्हा हिशेब कितीही उशिराचा निघो, पोचायचं वेळेवरच. मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या तळांवर कंपनीची बरीच विमानं ये-जा करत असतात, तिथे अदलाबदल सहज होते. कोल्हापूर किंवा नाशिकला बसलात तर जे येईल त्यातूनच जायचं, तिथे हिशेब सहसा चुकत नाही.

उशीर टाळायचाच असेल तर मुक्कामी गाडी पकडा. गावात रात्रभर थांबलेली एसटी पहाटे वेळेवर सुटते, तसंच पहाटेचं पहिलं विमान. ते आधीपासून तिथेच उभं असतं. संध्याकाळच्या विमानावर मात्र दिवसभराच्या चार-पाच फेऱ्यांचा उशीर साचलेला असतो. अपवाद डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीचा. तिथे पहाटेचं धुकं मुक्कामी गाडीलाही सोडत नाही आणि दिल्लीत सकाळी अडकलेलं विमान दुपारी पुण्याच्या माणसाला रखडवतं.

म्हणून हवामानाचा मेटार वाचायला शिका. विमानतळांवरून दर अर्ध्या तासाने निघणारी ही ओळ आहे. मुंबईचा संकेत व्हीएबीबी, पुण्याचा व्हीएपीओ, दिल्लीचा व्हीआयडीपी. संकेतानंतर तारीख आणि वेळ असते, ती ग्रीनिचची. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. मग वारा: २४०१४ म्हणजे २४० अंशांकडून, म्हणजे नैऋत्येकडून, १४ नॉट वेगाने. त्यापुढे चार आकडी दृश्यमानता मीटरमध्ये. ९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा जास्त, निवांत राहा. आरए पाऊस, टीएस गडगडाट, एफजी धुकं. जुलैत मुंबईच्या ओळीत टीएस आणि ८०० दिसलं की बिस्किटचा पुडा बॅगेत टाका.

मुंबईचं दुखणं वेगळंच. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवावी लागते. ११ नोव्हेंबर २०२३ला, दिवाळीत, इथे चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. म्हणजे सरासरी दर ८४ सेकंदांना एक! कुर्ल्याच्या एकाच फलाटावर सगळ्या लोकल सोडायच्या, असा प्रकार. एक विमान धावपट्टीवर जरा जास्त रेंगाळलं की मागचं पुन्हा वर जातं आणि नकाशावर आकाशात जिलब्या पडू लागतात. शिवाय पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दुरुस्तीसाठी दोन्ही धावपट्ट्या एकेक दिवस काही तास बंद असतात. २०२४मध्ये ९ मे आणि १७ ऑक्टोबरला सकाळी ११ ते संध्याकाळी ५ असं झालं. तारीख आधी जाहीर होते, बघून तिकीट काढा. आता २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर बीओएम (जुना) आहे की एनएमआय (नवा) तेही बघा, नाहीतर टॅक्सीवाला भलतीकडे सोडेल.

हे सगळं बघूनही एक गोष्ट नकाशावर दिसत नाही: ड्रायव्हर. विमान दारात उभं, हवा स्वच्छ, तरी हलत नसेल तर कधीकधी वैमानिकांचे ड्युटीचे तास संपलेले असतात. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली, ती याच कारणाने. नियम कडक झाले होते: १ जुलैपासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ऐवजी ४८ तास, १ नोव्हेंबरपासून रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. गाड्या होत्या, चालक पुरले नाहीत. चालकाला झोप मिळालीच पाहिजे, याबद्दल माझ्याशी वाद घालू नका. घाटात डुलकी लागलेल्या चालकांच्या चौकश्या मी बघितल्यात.

उशीर झालाच तर हक्क माहीत हवेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला की खाणंपिणं कंपनीने द्यायचं, हा डीजीसीएचा (सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम आहे. सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक तुम्ही निवडायचं. आणि काउंटरवर जाताना आवाज चढवू नका. बारा वर्षं खिडकीच्या आत बसलेला माणूस सांगतो, ओरडणाऱ्याला शेवटी उत्तर मिळतं. फोनवर आधीची फेरी उघडून समोर धरा आणि शांतपणे विचारा, "ताई, हे विमान अजून कोलकात्यातच आहे ना?"