भात तांबूस पडतंय? फवारणीआधी एक चूड (रोपांचा झुपका) उपटून मूळ बघा

लावणी होऊन तीन-चार आठवडे झाले की डोंगराच्या पायथ्याच्या खाचरांत भाताची खालची पानं तांबूस व्हायला लागतात, आणि करपा हा बुरशीचा रोग आला म्हणून लगेच पंप पाठीवर चढतो. मंडळी जरा थांबा. कोकणातल्या जांभ्या जमिनीत बऱ्याचदा हा रोग नसतोच, लोह जास्त झालेलं असतं, आणि त्यावर बुरशीनाशकाचा काडीचा उपयोग नाही.

ओळखायचं कसं? लोहाचे ठिपके बारीक, तपकिरी, खालच्या पानाच्या टोकापासून सुरू होऊन बुडाकडे सरकतात, मग अख्खं पान तांबूस-नारिंगी होतं. करप्याचा डाग डोळ्याच्या आकाराचा, मध्ये राखाडी, आणि तो वरच्या पानावरही येतो. जस्त कमी पडलं तरी पानावर गंजासारखे ठिपके येतात, पण तेव्हा कोवळ्या पानाची शीर बुडाशी पांढरट दिसते. अजून एक खूण म्हणजे पाण्यावरचा तेलकट तवंग. काठी फिरवली आणि त्याचे तुकडे होऊन तसेच सुटे राहिले तर तो लोहाचा, परत जुळून आला तर डिझेल-ऑइलचा.

होतं काय, की खाचरात पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते, आणि मग मातीतले जिवाणू हवेऐवजी लोह वापरतात, त्यामुळे एरवी गंजासारखं घट्ट बसलेलं लोह पाण्यात विरघळतं आणि मुळावाटे आत शिरतं. आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, चुना-पालाश सगळं धुऊन जातं, माती आंबट होते, त्यात वरच्या डोंगरातून पाझर येतो तो स्वतःबरोबर लोह घेऊनच येतो.

तरी भात टिकतो याचं मला खरंच कौतुक वाटतं. त्याच्या खोडात आणि मुळात हवेच्या पोकळ्या असतात, पानाकडची हवा त्यातून मुळापर्यंत जाते आणि मुळाबाहेरही झिरपते, तिथेच विरघळलेलं लोह गंजून मुळाला चिकटून बसतं, आत जात नाही. म्हणून चूड उपटल्यावर मूळ लालसर दिसलं तर घाबरायचं नाही, भात स्वतःला वाचवतोय. हा थर फार जाड झाला तर मात्र मुळाला बाकीचं खाद्यही मिळत नाही. थोडं लोह आत गेलंच तर सोशिक जात ते पानाच्या देठाकडच्या भागात अडवून ठेवते, पात्यापर्यंत कमी जाऊ देते. पण मुळं काळी, मोजकीच आणि कुजक्या अंड्याचा वास मारणारी असतील तर समजा मुळाचा श्वास कोंडलाय.

अशा वेळी पहिलं काम पाणी काढायचं. पावसाने उघडीप दिली की बांध फोडून पाणी सोडा, पाच-सात दिवस, मातीला केसासारख्या भेगा दिसेपर्यंत, मग परत पाणी घ्या. डोंगराच्या बाजूला बांधाच्या आतून चर मारून पाझराचं पाणी बाहेरच्या बाहेर काढा. आमच्या खालच्या खाचराला दोन वर्षं आम्ही औषधं मारत बसलो, तिसऱ्या वर्षी हा चर काढला तेव्हा कुठे कोपरा हिरवा राहिला.

दुसरं म्हणजे नुसता युरिया मारू नका हो! पालाश कमी पडलं की मुळाची ही लोह अडवायची ताकदच जाते. पोटॅश, म्हणजे पालाशाचं खत, लावणीला अर्धं आणि फुटव्यांच्या वेळी अर्धं द्या, आणि युरिया पाणी काढायच्या आधी टाकू नका, सगळा वाहून जाईल. दुकानातून मिश्र मायक्रोन्यूट्रिएंट (सूक्ष्म अन्नद्रव्यांचं खत) आणलंत तर लेबल वाचा, त्यात लोह असेल तर ते या शेतात नको.

कापणी झाली की नांगरून जमीन उन्हात सुकू द्या. न कुजलेलं शेण, हिरवा पाला लावणीच्या तोंडावर गाडू नका, तो कुजताना उरलीसुरली हवाही खातो, दोन-तीन आठवडे आधी गाडा. माती तपासून आंबटपणा जास्त निघाला तर सांगतील तेवढा चुना लावणीच्या बराच आधी टाका, युरियाबरोबर कधीच नको, युरियातलं नत्र उडून जातं. जातींतही फरक असतो, आयआर 64 लोहाला लवकर बळी पडते. म्हणून याच वर्षी तुमच्या तांबूस कोपऱ्यात कुठली जात हिरवी राहिली ते बघून खूण करा आणि त्या खाचरासाठी बियाणं त्याच जातीचं ठेवा.