खरा कागदही कोर्टात चालत नाही तेव्हा: या चुका टाळा

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा हरणारा प्रत्येक जण खोटा नसतो. कित्येकांकडे कागद असतो, साक्षीदार असतात, मोबाईलमध्ये मेसेज असतात. पण तो कागद पुराव्यात वाचायला कायद्याचीच बंदी असते, नाहीतर दाव्याची मुदत निघून गेलेली असते, आणि खऱ्याखोट्याची तपासणी होण्याआधीच सारे संपते. यातल्या काही चुका पैसे भरून दुरुस्त होतात, काही अर्ध्यामुर्ध्या होतात, काही कधीच होत नाहीत. आपली चूक कोणत्या प्रकारातली, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

"नोटरी केली आहे की!"

पुणे आणि आसपास ही चूक सर्वांत जास्त दिसते. मुळशी-मावळातल्या वडिलोपार्जित जमिनीचे हक्कसोडपत्र बहिणींनी बाँड पेपरवर लिहून दिलेले असते, त्यावर नोटरीचा शिक्का असतो आणि भाऊ निर्धास्त असतो. पण नोटरीच्या शिक्क्याने नोंदणीची गरज भागत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडणारा दस्त दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) नोंदवावाच लागतो (नोंदणी कायदा, १९०८, कलम १७). न नोंदवलेला दस्त हक्काचा पुरावा म्हणून घेता येत नाही (कलम ४९). दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला द्यायचा असतो. उशिराचे सबळ कारण असेल तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. त्यानंतर उपाय एकच, नवा दस्त आणि नव्या सह्या. तोवर एखादी बहीण गेली असेल, तर तिच्या सगळ्या वारसांना राजी करावे लागते. म्हणून घरात असा कागद असेल तर तो आजच काढून बघा.

वाटणीपत्रात एका वाक्याने फरक पडतो. तोंडी वाटणी आधीच झाली आणि तिची आठवण म्हणून नंतर लिहून ठेवले, तर त्या कागदाला नोंदणी लागत नाही. "या लेखाने आम्ही वाटणी करून घेत आहोत" असे लिहिले की नोंदणी लागतेच.

साठेखताला, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याच्या कराराला, थोडी सवलत आहे. नोंदणी नसली तरी खरेदीखत करून मागण्याच्या दाव्यात ते पुराव्यात येऊ शकते. पण साठेखताच्या जोरावर घेतलेला ताबा राखायचा असेल, तर २४ सप्टेंबर २००१ नंतरचे साठेखत नोंदवलेलेच हवे. शिवाय "ताबा दिला" असे त्यात लिहिले की महाराष्ट्रात खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते, हे अनेकांना दावा लावल्यावर कळते.

मुद्रांकाची उणीव मात्र भरून काढता येते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे कमी पडलेले शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड भरला की दस्त पुराव्यात वाचला जातो. पण ही दुरुस्ती मूळ दस्ताचीच होते, झेरॉक्सची होत नाही. मूळ प्रत एजंटकडे किंवा समोरच्याकडे ठेवून नुसती झेरॉक्स घरी आणू नका. आणि तुम्ही प्रतिवादी असाल तर मुद्रांकाची हरकत दस्त पुराव्यात येतानाच घ्या. एकदा तो दाखल करून घेतला गेला की पुढे ती हरकत सहसा चालत नाही.

घरमालकांसाठी एक गोष्ट. कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत अजूनही अकरा महिन्यांचा करार साध्या बाँडवर होतो, पोलीस व्हेरिफिकेशन केले जाते आणि तीच नोंदणी समजली जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स (भाड्याने जागा वापरायला देण्याचा हा करार) लेखी आणि नोंदवलेले हवे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर भाडे आणि अटी यांबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते. उलटे सिद्ध करणे मालकावर येते. ही नोंदणी ऑनलाइन होते, टाळायला सबब नाही.

"नोटीस पाठवली आहे, मुदत थांबली"

थांबत नाही. ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण इथे खरा माणूस पूर्णपणे हरतो. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचाच असतो (मुदत कायदा, १९६३, कलम ३). मित्राला हातउसने दिलेले पैसे "मागशील तेव्हा देतो" या बोलीवर असतील, तर तीन वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात, मागितल्याच्या दिवसापासून नाही. उशीर माफ करण्याचे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, दाव्याला नाही.

मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी "एवढे देणे बाकी आहे" असे लिहून दिले, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यावर तशी नुसती कबुली उपयोगाची नाही. तेव्हा पैसे देण्याचे स्पष्ट, लेखी आणि सहीचे वचन लागते. "बघतो, पुढच्या महिन्यात करू" या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका. घरी जा, कागद पुढे करा, सही घ्या. नात्यात अवघड वाटते हे खरे, पण दावा लावणे त्याहून अवघड असते.

स्क्रीनशॉटची प्रिंट

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात: एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे तपासता येणारा सांकेतिक आकडा) नोंदवायचे असते. जुन्या कायद्यातले असेच प्रमाणपत्र सक्तीचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात स्पष्ट केले. त्याच निकालात वाटही सांगितली आहे: मूळ फोनच त्याच्या मालकाने साक्ष देताना हजर केला तर प्रमाणपत्राची गरज नाही, आणि ज्याच्याकडून प्रमाणपत्र मिळायला हवे तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करता येतो. म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. सोसायटीच्या सीसीटीव्हीवर जुने चित्रण पुसून नवे चढत राहते. सेक्रेटरीला ते जपण्याचे पत्र लगेच द्या आणि पोच घ्या.

गुपचूप केलेले रेकॉर्डिंग बाद होते, हा समज इंग्रजी सिनेमांतून आला असावा. आर. एम. मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगितले की पुरावा गैरमार्गाने मिळवला एवढ्याने तो बाद होत नाही. पती-पत्नींमधल्या रेकॉर्डिंगबद्दलही २०२५ मध्ये निकाल तसाच आला. मात्र दुसऱ्याचा फोन फोडून काढलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो.

अर्धाच दावा लावणे

कोर्ट फी वाचवायला नुसता मनाई हुकूम मागायचा आणि ताबा, भरपाई "नंतर पाहू" म्हणायचे, हे महागात पडते. एकाच कारणातून उपजणारी मागणी कोर्टाच्या परवानगीशिवाय वगळली, तर तिच्यासाठी दुसरा दावा आणता येत नाही. दावा काढून घेतानाही असेच. तडजोडीच्या आशेने नुसती "दावा काढून घेत आहे" अशी पुरसिस (कोर्टाला दिलेले लेखी निवेदन) दिली, तर त्याच विषयावर पुन्हा येण्याचे दार बंद होते. अर्जात नव्याने दावा दाखल करण्याची परवानगी मागा, आणि ती परवानगी आदेशात शब्दांत उतरली आहे का, हे नक्कल हातात घेऊन स्वतः वाचा.