कंडरा चढवलेल्या धनुष्याचा बाक गरम करून कसा सुधारावा

धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे नेमबाजापासून लांबच्या बाजूवर, सरसातली कंडरा (जनावराच्या स्नायूबंधाचे धागे) चढवली, ती वाळली, आणि आता दोरी मुठीच्या मधून न जाता एका अंगाला पळतेय. किंवा एक बाहू (मुठीच्या एका बाजूचा भाग) दुसऱ्यापेक्षा जास्त उलटा वळलाय. हा लेख एवढ्याच दुरुस्तीपुरता आहे.

टोकं उलटी वळवणं, मोठा बाक देणं ही कामं कंडरा चढवण्याआधीची. १९१६ साली वारलेल्या, ‘याही’ नावाच्या अमेरिकन आदिवासी जमातीच्या इशीकडून सॅक्स्टन पोप या डॉक्टरनं कॅलिफोर्नियात धनुष्य करायला शिकून घेतलं. इशी ज्युनिपर या झाडाच्या लाकडाची टोकं आधी तापलेल्या दगडाच्या उष्णतेनं वाकवून घ्यायचा, कंडरा नंतर चढवायचा. हा क्रम उलटा करून ‘आता मला पाच सेंटिमीटर रिकर्व्ह (टोकांचा उलटा बाक) हवाय’ म्हणणाऱ्यानं नवीन लाकूड घ्यावं.

दोरी उतरवा. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून लाकूड नेमकं कुठे भरकटतंय ते शोधा आणि तिथे पेन्सिलनं खूण करा. बाजूची चूक टोकाला दिसते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा मुठीजवळ असतं.

आता वाळवण, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. कंडरा म्हणजे कोलॅजन. ओलं कोलॅजन साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसतं आणि विस्तवावरच्या पापडासारखं वळतं. ते पुन्हा सरळ होत नाही. ओलसर सरसही याच सुमाराला मऊ पडतो आणि धागे जागचे सरकतात. पूर्ण कोरडी कंडरा आणि कोरडा सरस यापेक्षा बरंच जास्त सोसतात. म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर धनुष्याचं रोज वजन करा. वजन उतरायचं थांबेपर्यंत हीट गनला (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राला) हात लावू नका. कोकणात किंवा मुंबईत असाल तर जून ते सप्टेंबर हे काम विसराच. तिथल्या हवेत कंडरा कधी कोरडी नसतेच.

मला सगळ्यात जास्त छळलं ते प्रत्यक्ष तापवण्यानं, आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच टप्प्याबद्दल मिळतात. ‘वाफ द्या’ हा पहिला. वाफ म्हणजे उष्णता अधिक पाणी, आणि सरस पाण्यातच विरघळतो. नुसत्या लाकडाला वाफ उत्तम; कंडरेला ती लागली की पाठ सुटलीच समजा. ‘कंडरा जळू नये म्हणून पाठीवर ओलं फडकं गुंडाळा’ हा दुसरा. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त घातक. फडक्यातलं पाणी कंडरेत उतरतं आणि जी कंडरा गरम हवेत तगली असती तीच आकसते. पाठ उघडी आणि कोरडीच ठेवा.

उष्णता फक्त पोटाकडून द्यायची, म्हणजे नेमबाजाकडच्या लाकडी बाजूनं. लाकडाला अगदी हलका तेलाचा हात लावा. पृष्ठभाग तडकत नाही. तेलाचा थेंबही पाठीवर जाऊ देऊ नका, नाहीतर पुढे तिथे सरस धरणार नाही. हीट गन दहाएक सेंटिमीटर लांब धरून पंधरा सेंटिमीटरच्या पट्ट्यावर सतत मागेपुढे फिरवत राहा. एका जागी थांबलात की लाकूड वरून करपतं, आत थंडच राहतं. दोन-तीन मिनिटं गरम करा, हात थांबवा, उष्णता आत मुरू द्या, पुन्हा सुरू करा. झरझर शेगडीवर धरून उरकणाऱ्यांचा मला राग येतो.

दुसरा हात पाठीवर. तळवा तिथे आरामात टिकतोय तोवर ठीक. चटका बसून हात आपोआप मागे आला की गन बंद. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर पाठीवर ५० अंशांची मर्यादा पाळा. गनमधून आलेली गरम हवा कडेनं वळून पाठीवर जाते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कडांना जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून ती अडवा.

पाठ थंड ठेवली म्हणजे लाकडाचा पोटाकडचा भागच काय तो नरम होतो. त्यामुळे एका वेळी थोडीच दुरुस्ती होते. लाकूड परत मागेही येतं, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित जास्त वाकवून फर्म्यावर (हव्या आकाराच्या साच्यावर) क्लॅम्प करा. क्लॅम्पच्या जबड्यात आणि कंडरेत चामड्याचा तुकडा हवाच. वाकवताना बारीक ‘टिक्’ असा आवाज आला तर जोर सोडा आणि पाठीवर तिरपा उजेड टाकून बघा. उठलेले धागे लगेच दिसतात.

रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा. फरक अपुरा वाटला तर दोन दिवसांनी पुन्हा करा, त्याच बैठकीत नाही.

क्लॅम्प काढल्यावर लगेच दोरी चढवण्याचा मोह होईल. तापवलेलं लाकूड त्या वेळी गरजेपेक्षा कोरडं आणि ठिसूळ असतं. आठवडाभर सावलीत टांगून ठेवा, मग दोरी चढवा आणि सुरुवातीला निम्म्यापर्यंतच ओढा. दोरी अजून दोनेक मिलिमीटर बाजूला जात असेल, तर ज्या अंगाला ती झुकते त्या अंगाची टोकाची खाच कानशीनं थोडी खोल करा. तेवढ्यासाठी पुन्हा हीट गन काढायची गरज नाही.